विल्बीला, हमरस्त्याने

हिंदी महासागरात पाय बुडवायचे आणि पॅसिफिकमध्ये जाऊन ते धुवायचे; मधला अख्खा ऑस्ट्रेलिया पळत ओलांडायचा! जिलाँगच्या तीन मित्रांनी विशीत, बिअरच्या तिसऱ्या ग्लासानंतर ही प्रतिज्ञा केली होती. असल्या प्रतिज्ञा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी विसरतो. हे तिघं पन्नाशी जवळ आली तरी विसरले नाहीत, एवढंच त्यांचं चुकलं. नियम एकच होता. दोन समुद्रांच्या मध्ये कुठल्याही गाडीत बूड टेकवायचं नाही. हातभर अंतर जरी चाकांवर गेलं तरी धाव मोडली.

ही धाव सर्वांत जास्त कोणाला हवी होती, तर ब्रॉनी टास्करला. तिचा उजवा गुडघा जवळजवळ कामातून गेला होता. डॉक्टरने एक्स-रे खिडकीसमोर धरून सांगितलं होतं, "हा एकदा देश ओलांडून देईल. पुन्हा मागशील तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नेणार नाही." म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

ब्रॉनी विमा कंपनीत दाव्यांची तपासनीस होती. आपोआप पेटलेली दुकानं, भर दिवसा चोरीला गेलेल्या होड्या, पगारवाढ नाकारली की लगेच दुखावणाऱ्या पाठी. वीस वर्षं ती थापा ऐकत आली होती. कोणी फुकट काही देऊ केलं की ती आधी त्या माणसाचे डोळे बघायची, मग हात, आणि मग नको म्हणायची.

तिचे दोन्ही सोबती अगदी दुसऱ्या टोकाचे. स्टॅव कोंटोसचं मासे-बटाटे तळायचं दुकान होतं. अंगाने दणकट, पोटाने त्याहून दणकट, आणि दिसेल त्याला मिठी मारणारा. नेरिडा जनावरांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती आणि माणसालाही घोड्यासारखंच तपासायची: आधी हिरड्या, मग खूर. लहान मुलाच्या बाबागाडीला सायकलची चाकं लावून तिघांनी एक ढकलगाडी केली होती. तिच्यावर पाणी, तंबू आणि डबे लादून आळीपाळीने ढकलत ते पूर्वेकडे पळत होते. मोबाइल फोन यायला अजून बरीच वर्षं होती. स्टॅवने ट्रकवाल्यांकडे असतो तसला एक छोटा हातातला रेडिओ मात्र आणला होता. तो जेमतेम पाच-सहा मैलांतलं बोलणं पकडायचा.

नलारबोरचं ओसाड पठार लागलं आणि ब्रॉनीच्या मनात पाल चुकचुकायला लागली.

कारण इथे सगळेच देत होते! मागे तीन-तीन डबे जोडलेला ट्रक धुरळा उडवत थांबायचा आणि ड्रायव्हर खिडकीतून भाजलेली मेंढीची तंगडी खाली द्यायचा. कारवान, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन निघालेली म्हातारी जोडपी मधेच वळून परत यायची आणि फळांचे डबे हातात कोंबायची. एकाने तर आपल्या पायांतले मोजे काढून दिले. स्टॅव सगळं घ्यायचा, खायचा, पायात घालायचा.

"या लोकांना आपल्याकडून काय हवंय?" ब्रॉनी विचारायची.

"आपण लवकर रस्त्यातून बाजूला व्हावं, एवढंच," नेरिडा म्हणायची.

पण एक गोष्ट नेरिडालाही खटकत होती. एक पांढरी पिकअप गाडी त्यांच्या आगेमागे रेंगाळत होती. या रस्त्यावर गाड्या सुसाट जातात. थांबण्यासारखं काही नाहीच. ही मात्र माणसाच्या पावलाने चालायची. कधी मैलभर पुढे, कधी मैलभर मागे. मागच्या बाजूला ताडपत्री करकचून बांधलेली. ड्रायव्हर अधूनमधून झुडपांत शिरायचा, वाकायचा, काहीतरी उचलायचा. तिघं जवळ आले की टोपी डोळ्यांवर ओढून गाडीत बसायचा आणि पसार व्हायचा. वारा इकडचा असला की ताडपत्रीखालून किणकिण ऐकू यायची.

मग बाटल्या दिसायला लागल्या. रस्त्याकडेच्या झुडपाच्या सावलीत, तिघांना दिसतील अशा, बिअरच्या तीन जुन्या बाटल्या. तोंडाला चिंधीचे बोळे, गळ्याला लाल लोकर बांधलेली, आणि आत पाणी.

स्टॅवने हात पुढे केला. ब्रॉनीने त्याच्या मनगटावर चापट मारली.

"उघडलेली बाटली! कोणी भरली, कशातून भरली, काय माहीत?"

तिने तिन्ही बाटल्या उलट्या केल्या. मातीने पाणी गट्ट केलं.

"अगं, इथे पाणी ओततात का!" नेरिडा खरंच चिडली. "पळणाऱ्या घोड्यालासुद्धा एवढी अक्कल असते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटल्या. पुन्हा ब्रॉनीने ओतल्या. तिसऱ्या दिवशी तिने बोळा काढून हुंगलं आणि तिचे डोळे बारीक झाले. "आज यात काहीतरी मिसळलंय!"

त्याच दुपारी स्टॅवने रेडिओ लावला. खरखरीतून एक पुरुषी आवाज आला. "तिघंही अजून याच पट्ट्यात आहेत. बाई अवघड आहे, तिच्या वाट्याला जाऊ नका. जाड्याला गाठा."

स्टॅव पोट धरून हसला. "म्हणजे मला! चला, काहीतरी खायला येतंय."

ब्रॉनी हसली नाही. तिने रेडिओ बंद करून आपल्या पाठपिशवीत टाकला.

थ्री टँक्स म्हणजे एक पेट्रोलपंप, एक खानावळ आणि चार खोल्या. काउंटरमागे डॉट नावाची साठीची बाई होती. ब्रॉनीने तिला जन्मात पाहिलं नव्हतं.

"आलात एकदाचे!" डॉट म्हणाली. "ब्रॉनी तूच ना? तुला अंडी घट्ट लागतात. बलक वाहिला तर ताट परत करतेस म्हणे."

ब्रॉनीच्या मानेवरचे केस उभे राहिले. "हे तुला कोणी सांगितलं?"

"रस्त्याने."

"रस्ता बोलतो वाटतं?"

"मग इथे दुसरं बोलायला आहे कोण, बयो!"

ब्रॉनीने मागच्या खिडकीतून पाहिलं. कचऱ्याच्या पिंपांपाशी तीच पांढरी पिकअप! टोपीवाला ताडपत्रीच्या दोऱ्या आवळत होता. त्याने मान वर केली, ब्रॉनीला पाहिलं, आणि भूत बघितल्यासारखा गाडीत शिरून निघून गेला.

"तो कोण?"

"कोण, क्लेम?" डॉटने एकदम फडकं उचललं आणि स्वच्छ असलेलं काउंटर पुसायला घेतलं. "त्याच्याकडे नको लक्ष देऊ. बिचारा आपल्या वाटेने असतो."

"ताडपत्रीखाली काय आहे त्याच्या?"

"मी कशाला बघायला जाते!"

ही बाई लपवते आहे. वीस वर्षांत ब्रॉनीने अशी पुसली जाणारी काउंटरं शेकड्याने पाहिली होती. आणि खरं सांगायचं तर तिचा अंदाज चुकला नव्हता. डॉट लपवतच होती.

निघताना डॉटने नेहमीचा प्रश्न विचारला. या रस्त्यावर तो प्रत्येक जण विचारतो आणि प्रत्येक जण त्याचं खरं उत्तर देतो. कुठल्या वाटेने जाणार, कधी पोचणार? पुढच्या थांब्याला तसं कळवतात. सांगितलेल्या वेळी माणूस आला नाही, तर लोक हातातलं काम टाकून त्या वाटेवर शोधायला निघतात. त्यासाठी कोणाला पत्र, अर्ज, विनंती काही लागत नाही.

"विल्बीला, हमरस्त्याने," ब्रॉनी शांतपणे म्हणाली. "उद्या संध्याकाळपर्यंत पोचू."

आणि थ्री टँक्स नजरेआड झाल्याबरोबर तिने ढकलगाडीचं तोंड दक्षिणेकडे वळवलं.

"हे काय?" स्टॅव थबकला.

"समुद्राच्या बाजूने टेलिग्राफची जुनी वाट आहे. नकाशात आहे. मधे तारवाल्यांची झोपडी आहे, पाण्याची टाकी आहे. त्या पिकअपला कळणारही नाही."

"पण तू डॉटला हमरस्ता सांगितलास," नेरिडा म्हणाली.

"डॉटला सांगितलं म्हणजे त्याला सांगितलं. हे सगळे एकमेकांना सामील आहेत, दिसत नाही तुम्हाला?"

नेरिडाने स्टॅवकडे पाहिलं. स्टॅवने खांदे उडवले. पंचवीस वर्षांच्या मैत्रीत ब्रॉनीशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून निघायचा होता. ब्रॉनीने एक झुडूप उपटलं आणि हमरस्त्यापासून बरंच अंतर मागे मागे चालत तिघांच्या पावलांच्या आणि चाकांच्या खुणा झाडून टाकल्या. अगदी नीट, एकही राहू न देता.

पहिला दिवस सुखाचा गेला. तारा केव्हाच गेल्या होत्या, पण खांब अजून उभे होते. करड्या झुडपांच्या सपाट रानात ते वाकडे-तिकडे उभे राहून पूर्वेकडे चालले होते. उजवीकडे वाळूच्या पांढऱ्या टेकड्या, त्यांच्यापलीकडे समुद्राची गाज. डावीकडे पार दूर, क्षितिजाला चिकटून, कड्याची निळी रेघ. तिच्या पायथ्याने हमरस्ता जातो. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. कोणी तंगड्या देत नव्हतं. ब्रॉनीने कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी वाट वाळूत शिरली. ढकलगाडी रुतायला लागली. तिघं पळायचं सोडून ओढायला लागले. विल्बीला पोचायची वेळ झाली तेव्हा ते कसेबसे झोपडीपाशी आले होते. झोपडीला छप्पर नव्हतं. मागे टाकी होती. स्टॅवने तिच्यावर थाप मारली.

ठण्ण!

टाकीचा तळ गंजून गळून पडला होता. आत एक वाळलेला सरडा होता.

"काही हरकत नाही," स्टॅव म्हणाला. "सरडा माझा. मी आधी बघितला."

कोणी हसलं नाही. कॅनमध्ये तळाशी पाणी होतं. ते तिघांनी वाटून घेतलं. स्टॅवने आपल्या वाट्यातलं अर्धं, आपल्याला तहान नाही असं सांगून, नेरिडाच्या डब्यात ओतलं. ब्रॉनीने ते पाहिलं. लाल लोकरीच्या बाटल्या तिच्या डोळ्यांसमोर येत होत्या. एकामागून एक, सगळ्या उलट्या केलेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा फिरला. उत्तरेचा वारा! वाळवंटातून निघालेला तो वारा या भागात आला की पक्षीसुद्धा झाडाखाली चोच उघडून बसतात. ऑक्टोबरात तो सहसा येत नाही. त्या दिवशी आला. तोंड उघडलं तर जीभ वाळत होती. स्टॅव ढकलगाडी ढकलत पुढे होता. त्याचे विनोद थांबले. मग तो आडवातिडवा जाऊ लागला. मग एकाएकी घरची ग्रीक भाषा बोलायला लागला.

आणि कोसळला.

नेरिडा धावली. तिने त्याच्या पापण्या उघडून पाहिल्या, हिरड्या दाबल्या, मानेवर हात ठेवला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही.

"हा घोडा असता ना," ती हळूच म्हणाली, "तर मी मालकाला बाहेर जाऊन थांबायला सांगितलं असतं."

ब्रॉनीने रेडिओ काढला. बटण दाबलं. "कोणी ऐकतंय का? कोणीही! क्लेम! डॉट!" नुसती खरखर. हमरस्ता आवाक्याच्या फार पलीकडे होता.

"त्यांना वाटतंय आपण तिकडे आहोत," नेरिडा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ब्रॉनीला जास्त लागलं. "इथे कोणी येणार नाही, ब्रॉन. शोधत असतील तरी इथे कोणी येणार नाही."

"मी जाते."

"गुडघा?"

"गेला खड्ड्यात!"

दोघींनी तंबूचं कापड बांधून स्टॅववर सावली केली. ब्रॉनीने पाठपिशवी तिथेच टाकली, रेडिओ हातात घेतला आणि निघाली. थेट उत्तरेला. त्या निळ्या रेघेकडे.

समोरून भट्टीचं दार उघडावं तसा वारा. पायाखाली चुनखडीचे दगड आणि सशांची बिळं. काटेरी झुडपांनी पोटऱ्या सोलून निघाल्या. गुडघा पहिल्या टप्प्यात कुरकुरला. दुसऱ्यात ओरडायला लागला. नंतर ती त्याचं ऐकेनाशी झाली. पळ! पडली. उठली. पळ! तिने आयुष्यात पळण्याच्या पुष्कळ शर्यती केल्या होत्या; त्या सगळ्या एकदम फुटकळ वाटल्या. कड्याची रेघ जवळ येतच नव्हती. मग हळूहळू तिला उंची आली, रंग आला, भेगा दिसू लागल्या.

आणि हातातला रेडिओ बोलला!

"...उत्तरेची झाडी बघून झाली. काही नाही."

"पुलाखालचे नाले बघितलेत का?" हा डॉटचा आवाज. डॉट खानावळ बंद करून आली होती!

"बघितले. पुन्हा बघतो. माझी बायको हाका मारून मारून बसली, आवाज गेला तिचा."

ब्रॉनीने बटण दाबलं. "मी इथे आहे! दक्षिणेला! ऐका, मी इथे..." रेडिओचा लाल दिवा एकदा मिणमिणला आणि विझला. बॅटरी ऐकण्यापुरती उरली होती, बोलण्यापुरती नाही. तिने बटण सोडलं. आवाज परत आले.

"डॉट, मी क्लेम बोलतोय." चाचरत बोलणारा, खालच्या पट्टीतला आवाज. "मी एकदा टेलिग्राफच्या वाटेने बघून येऊ का?"

"नको रे, क्लेम. बाई हमरस्त्याने जाणार म्हणाली. मला तोंडाने सांगितलं तिने. ती कशाला खोटं बोलेल?"

ब्रॉनी किंचाळली. शब्द नव्हतेच त्यात. पाळत ठेवणारी, सामील असलेली, काहीतरी हवं असलेली ती सगळी माणसं या उन्हात नाल्यांतून वाकून वाकून तिला शोधत होती; तिने दाखवलेल्या खोट्या जागी! तिला अशी लाज वाटली की क्षणभर वाराही जाणवेना. मग ती पुन्हा पळाली. रडत पळाली.

शेवटच्या झुडपांतून ती अक्षरशः डांबरावर येऊन आदळली. समोर पांढरी पिकअप उभी होती. बाजूला टोपीवाला आणि त्याची डोळ्यांभोवती काळे डाग असलेली कुत्री. तिला पाहून तो सवयीने दोन पावलं मागे सरकला.

"मी खोटं बोलले!" ब्रॉनी म्हणाली. "आम्ही तारेच्या वाटेवर आहोत. स्टॅव मरतोय."

क्लेमने एक शब्दही विचारला नाही. तो मागे गेला, चाकूने दोऱ्या कापल्या आणि ताडपत्री फेकून दिली. खाली पोतीच पोती. त्याने पहिलं पोतं उचलून रस्त्याकडेला भिरकावलं. खळ्ळ! दुसरं. खळ्ळ! बिअरच्या, सोड्याच्या, सरबताच्या रिकाम्या बाटल्या ऊन झेलत सगळीकडे घरंगळल्या. कित्येक महिन्यांची मेहनत त्याने दोन-चार मिनिटांत खाली ओतली आणि तिथे एक गादी अंथरली.

"तुझ्या जाड्याला झोपवायला जागा नको का?" तो म्हणाला. "बस."

ब्रॉनी बसली. गाडीत बूड टेकलं. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

पिकअप झुडपं तुडवत दक्षिणेला निघाली. या खेपेला ब्रॉनीने खुणा झाडल्या नव्हत्या. तिची लंगडी पावलं मातीत स्पष्ट उमटली होती. क्लेम एका हाताने गाडी सांभाळत दुसऱ्या हाताने रेडिओवर बोलत होता. विमानातल्या डॉक्टरला बोलवा, रस्त्याचा सरळ पट्टा मोकळा करा, बर्फ आणा.

"तू माझ्यापासून लपत का होतास?" ब्रॉनीने विचारलं.

क्लेमचे कान लाल झाले. "तू तपासनीस ना! तुमच्या जाड्याने अख्ख्या रस्त्याला सांगितलंय. राज्याच्या सीमेपलीकडे रिकाम्या बाटलीचे पैसे मिळतात, अलीकडे नाहीत. मी इकडच्या तिकडे नेतो. कायद्यात बसत नाही म्हणे. मला वाटलं, सरकारने माझ्यामागे तुलाच लावलंय. नाहीतर उगाच एवढं पळत कोण येतं?"

"आणि तरी पाणी ठेवत होतास?"

"तहान तपासनिसालाही लागतेच की."

"मी ते ओतत होते."

"माहीत आहे. ओल दिसायची." तो जरा संकोचला. "म्हटलं, बाटलीला बिअरचा वास येत असेल. म्हणून मग लिंबू पिळलं."

ब्रॉनीने तोंड खिडकीकडे वळवलं.

स्टॅव जिवंत होता. नेरिडा त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसून ढकलगाडीच्या झाकणाने वारा घालत होती आणि त्याला सलग शिव्या देत होती, कारण शिव्यांना तो पापण्या हलवून उत्तर देत होता. तिघांनी मिळून त्याला गादीवर चढवलं. क्लेमने सीटखालून लाल लोकर बांधलेल्या बाटल्या काढल्या आणि लिंबाचं पाणी त्याच्या डोक्यावर, छातीवर, काखांत ओतलं. परतीच्या वाटेवर प्रत्येक धक्क्याला ब्रॉनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून होती.

हमरस्त्यावर दोन्ही बाजूंना ट्रक आडवे लावून रस्ता अडवलेला होता आणि मधल्या डांबरावर विमान उतरत होतं. डॉक्टरने सुई टोचली, पिशवी लटकवली, मान डोलावली. जगेल! डॉटने तिथल्या तिथे रस्त्यावर बसकण मारली.

विमानात चढवताना स्टॅवने एक डोळा उघडला. "ब्रॉन. मी गाडीत बसलो का?"

"बसलास."

"मोडली मग."

"मोडली, राजा."

"तुझी?" त्याने विचारलं. पण तोवर स्ट्रेचर आत गेलं होतं. नेरिडा त्याच्याबरोबर चढली आणि दार बंद झालं.

त्या संध्याकाळी थ्री टँक्समध्ये भाजून लाल झालेले चेहरे जेवत होते. ब्रॉनी उभी राहिली. "मी डॉटशी खोटं बोलले," ती म्हणाली. "तुमच्यावर संशय घेतला म्हणून बोलले. तुम्ही दिवसभर चुकीच्या जागी भाजत राहिलात ते माझ्यामुळे."

एका ट्रकवाल्याने काटा खाली ठेवला. "माझ्या बायकोला नाल्यात चक्कर आली," तो म्हणाला. "हे असं परत कोणाशी करू नकोस." तो रागावला होता आणि त्याने ते लपवलं नाही. त्याची बायको, आवाज पूर्ण बसलेली, शेजारून नुसती हात हलवून ब्रॉनीला बस म्हणाली. डॉटने पुढ्यात अंड्यांचं ताट ठेवलं. बलक वाहत होता. ब्रॉनीने ताट पुसून खाल्लं.

सकाळी क्लेम दारात उभा होता. टोपी हातात.

"तू काल जिथे गाडीत चढलीस ना," तो म्हणाला, "तिथे मी रस्त्याकडेला पांढऱ्या दगडांची रांग लावून ठेवलीये. तुला तिथे नेऊन सोडतो. तिथून पुढे पळ. एक पाऊलही वाया जाणार नाही तुझं."

ब्रॉनीने गुडघ्याकडे पाहिलं. सुजला होता, पण वाकत होता. पॅसिफिकपर्यंत तो नेईल हे तिला कळत होतं. खोटं कशाला, तिला ती धाव अजूनही हवी होती.

डॉटने फोन पुढे केला. पलीकडे नेरिडा होती, सेडूनाच्या दवाखान्यातून. स्टॅवची मूत्रपिंडं दमली आहेत, पण सुधारतोय. काही आठवडे पडून राहावं लागेल. "आणि ब्रॉन, तो म्हणतोय, तू पूर्ण कर. तू पळत राहा, आम्ही इथून टाळ्या वाजवू."

"असं तो स्वतः म्हणाला?"

"हो." नेरिडा जरा थांबली. "म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला."

ब्रॉनीने फोन ठेवला. मग बाहेर आली, पिकअपचं दार उघडलं आणि पाय आत घेतले.

"कुठल्या दगडांच्या रांगेपाशी थांबू नकोस, क्लेम," ती म्हणाली. "सरळ सेडूनाला चल."

"दिवसभराची वाट आहे."

"असू दे."

"हा गुडघा परत चालणार नाही म्हणे. तुमचा जाड्या सांगत होता."

"त्याला काही पोटात ठेवता येत नाही," ब्रॉनी म्हणाली.

क्लेमचा विश्वास बसला नाही. तिथे पोचल्यावर तिचा विचार बदलेल, असं त्याला वाटत होतं. बाटल्यांचे ढिगारे दिसू लागले तसा त्याने वेग कमी केला आणि दगडांच्या रांगेपाशी गाडी थांबवली. इंजिन तसंच चालू ठेवून त्याने शेजारी पाहिलं. ब्रॉनीचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड उघडं पडलं होतं, आणि ती मोठ्याने घोरत होती. कुत्री तिच्या मांडीवर चढून बसली होती. गेल्या सगळ्या रस्त्यात कोणी परकं माणूस जवळपास असताना ही बाई एकदाही झोपली नव्हती, हे क्लेमला ठाऊक होतं. त्याने थोडी वाट पाहिली. मग आवाज होणार नाही अशा बेताने गिअर टाकला आणि गाडी पुढे काढली.